टीटीची चाकं, चार टोपणं : प्रकल्प नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५

उजवं पुढचं चाक दर दोन-तीन दिवसांनी बसायचं. त्याचं कारण आज सापडलं. टायर पंक्चर नव्हता, व्हॉल्व्हही ठीक होता. चाक काढून रिमच्या आतल्या बाजूला साबणाचा फेस लावला, तर दोन बोटं लांबीच्या रेषेवर बारीक बुडबुडे आले. रिमला तडा गेला आहे. फेब्रुवारीत पालीहून येताना महामार्गाच्या वळवलेल्या तुकड्यावर, काँक्रीट संपून जुना डांबरी रस्ता सुरू होतो त्या कडेवर, गाडी आदळली होती. तेव्हा बाहेरून काहीच दिसलं नव्हतं.

गाडी दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी, दोन लिटर पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून जुनी घेतली. चाकं मूळचीच, १८ इंची, ९ जे (म्हणजे ९ इंच) रुंदी, ऑफसेट (चाक किती आत बसतं तो आकडा, मिमीत) ५२, टायर २४५/४० आर १८, म्हणजे २४५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची. यातलं डावं मागचं चाक माझ्या आधीच्या मालकानं एकदा वेल्ड करून घेतलेलं आहे. म्हणजे चारातली दोन गेली.

वेल्डिंगवाला तासाभरात तडा भरून देईल. पण ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला मूळचं बळ उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेलं असतं, आणि वेल्डच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ते बळ जातं. पुढचा तडा त्या पट्ट्यातच जातो. ताशी शंभरच्या वेगाला मला तसलं चाक पुढे नको. नवीन चाकं घ्यायची ठरलं.

सगळे म्हणतात एकोणीस इंची टाक, गाडी उठून दिसेल. मी उलट दिशेला जाणार, १७ इंची. २४५/४० आर १८ च्या टायरची भिंत ९८ मिमी असते, २४५/४५ आर १७ ची ११० मिमी. ते १२ मिमी रबर आमच्या रस्त्यांवर रिम वाचवतं. आणि टायरचा बाहेरचा व्यास ६५३ मिमीचा ६५२ होतो, म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळणारसुद्धा नाही.

रविवार, ६ एप्रिल

मोजमापं घ्यायला चारही चाकं काढायची होती. पडवी आंब्याच्या पेट्यांनी भरलेली, आई आणि दोन बायका पेंढा घालून हापूस लावत बसलेल्या, म्हणून गाडी खळ्यात घेतली. जॅकखाली टेकू म्हणून मी जांभ्याचा चिरा आणला तसे बाबा ओरडले. चिरा भिंतीत रचला की पिढ्यान् पिढ्या उभा राहतो, पण एका जागी भार आला की फुटतो, आणि फुटताना सांगत नाही. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली आहेत. शेजाऱ्यांकडून लोखंडी घोड्या आणल्या तेव्हाच त्यांनी पान्याला हात लावला.

पुढची दोन चाकं आली. डावं मागचं काही केल्या येईना. पाचही बोल्ट बाहेर, तरी चाक हबला, म्हणजे ते ज्या फिरत्या भागावर बसतं त्याला, चिकटलेलं. लाथ मारून पाहिली, लाकडी ठोकळा ठेवून आतून हातोडीनं मारलं, हललं नाही. मग बाबांनी बोल्ट परत लावून एक-एक फेरा सैल ठेवायला सांगितले, गाडी खाली उतरवली आणि खळ्यातच दोन हात पुढे, दोन हात मागे केली. "खड्ड" असा एक आवाज झाला आणि चाक सुटलं.

आत पाहिलं आणि या कामाचा खरा विषय समजला. हबचा मधला ओठ गंजून तांबडा झालेला, आणि चाकाच्या भोकात पांढरी, खडूसारखी पूड गच्च बसलेली. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून, मध्ये खारट ओल. ही एक लहानशी बॅटरीच होते, आणि तीत अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं. पांढरी पूड म्हणजे खर्ची पडलेलं चाक. ती फुगते आणि पाचर मारल्यासारखी चाक जाम करते. रात्री पंक्चर झालं असतं तर स्टेपनी लावणं मला एकटीला जमलं नसतं.

आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वाऱ्यात मीठ बारा महिने असतं. पुण्यातल्या माणसानं चाक कसं निवडावं आणि इथल्या माणसानं कसं, यात फरक असायला हवा.

शनिवार, १२ एप्रिल

आज फक्त वही, व्हर्नियर आणि आकडे.

हबच्या ओठाचा व्यास ५७.१ मिमी. बोल्ट पाच, ११२ मिमीच्या वर्तुळावर. बोल्ट एम १४, आट्यांची पायरी १.५ मिमी. पुढची ब्रेक डिस्क ३१२ मिमी, १७ इंची रिममध्ये आरामात बसते, पण कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा ब्रेकचा भाग) आणि चाकाच्या आऱ्यांमधली जागा प्रत्यक्ष लावूनच पाहावी लागते. ती कागदावर कळत नाही.

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर. आकडा जितका मोठा तितकं चाक आत. जुनं चाक ९ इंच रुंद, म्हणजे २२८.६ मिमी, निम्मे ११४.३. त्यातून ५२ वजा केले की हबपासून बाहेरची कड ६२.३ मिमी आली, आणि ५२ मिळवले की आतली कड १६६.३. आता ८ जे रुंदीचं, ४० ऑफसेटचं चाक धरलं तर निम्मे १०१.६. बाहेरची कड ६१.६, आतली १४१.६. म्हणजे बाहेरून चाक जिथल्या तिथे, जेमतेम पाऊण मिमी आत. आतल्या बाजूला मात्र जवळजवळ अडीच सेंटिमीटर मोकळे. तिथे चिखल अडकणार नाही, सस्पेन्शनला काही लागणार नाही.

एक गोष्ट बदलते, आणि ती मी मान्य करूनच पुढे जाते. ऑफसेट १२ मिमीनं कमी झाला म्हणजे टायरचा मध्य दोन्हीकडे १२ मिमी बाहेर सरकला. स्टिअरिंगला चाकोऱ्या थोड्या जास्त जाणवतील. ३० ऑफसेटचं रुंद चाक घेतलं असतं तर ते जास्त झालं असतं, शिवाय टायर मडगार्डच्या बाहेर डोकावला असता.

बाबांनी हिशेब तपासला. त्यांनी वहीत एकच ओळ जोडली : "मधलं भोक बघ."

शनिवार, १९ एप्रिल

पहाटे पाचला निघून आंबा घाटानं कोल्हापूर. मोठा साठा तिथे पाहायला मिळतो. (मूळचं एक चांगलं आणि वेल्डचं एक मागे, चांगलं आणि स्टेपनी पुढे, असं करून गेले. घाटात सावकाश.)

दुकानदारानं आधी ८.५ जे, ३० ऑफसेटची चाकं दाखवली. दिसायला सुंदर. मी वही उघडून दाखवलं की बाहेरची कड ७८ मिमीवर जाते, जुन्यापेक्षा साडेपंधरा मिमी बाहेर. तो म्हणाला, "ताई, सगळे हीच लावतात." मी म्हटलं, मला मागची बाजू दाखवा.

चाक घेताना तोंड शेवटी बघावं. पाठीवर काय कोरलं आहे ते आधी. मला हवं होतं ते सापडलं : १७ × ८ जे, ईटी (म्हणजे ऑफसेट) ४०, ५ × ११२, जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या खुणा, आणि कमाल भार ६९० किलो. जेडब्ल्यूएल ही जपानी हलक्या मिश्रधातूच्या चाकांची कसोटी, व्हीआयए म्हणजे तिथल्या तपासणी संस्थेची नोंद. माझ्या गाडीच्या पाटीवर पुढच्या अ‍ॅक्सलचा जो कमाल भार आहे त्याच्या निम्म्याहून ६९० पुष्कळ वर आहे. मधलं भोक ६६.६ मिमी. बाबांची ओळ इथे कामाला आली. बाजारातलं चाक एका गाडीसाठी बनत नाही, म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधली पोकळी कड्यानं भरायची असते. माझ्या हबच्या ५७.१ ला पावणेपाच मिमी भिंतीचं कडं हवं. दुकानदार म्हणाला, नाही लावलं तरी चालतं, बोल्ट चाक मध्यावर आणतात.

चालत नाही. चाक हबच्या ओठावर नीट टेकलेलं असलं की बोल्ट फक्त आवळण्याचं काम करतात. कडं नसेल तर चाक लावताना जिथे लोंबेल तिथेच आवळलं जातं, आणि अर्ध्या मिमीची चूक ताशी नव्वदला स्टिअरिंगमध्ये थरथरते.

कडी दोन प्रकारची होती, अ‍ॅल्युमिनियमची आणि काळ्या प्लॅस्टिकची. पुण्यात असते तर अ‍ॅल्युमिनियमची घेतली असती. ६ एप्रिलची पांढरी पूड डोळ्यांसमोर होती, म्हणून प्लॅस्टिकची घेतली. ती गंजत नाहीत, चाक जाम करत नाहीत. फार ब्रेक तापवले तर मऊ पडतील ही भीती असते, पण मी शर्यतीच्या ट्रॅकवर जात नाही. सुटी आणखी चार कडी घेऊन ठेवली.

चाकांबरोबर चार सेंटर कॅप, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकावरची झाकणं, आल्या, क्रोमच्या. एकीचा कान आधीच तुटलेला.

रविवार, २० एप्रिल

बोल्ट. या एका गोष्टीवर लोक सगळ्यात कमी बोलतात आणि चाक सुटतं ते इथूनच.

ऑडीच्या मूळ बोल्टचं बूड गोलाकार असतं, चेंडूच्या पोटासारखं. मूळ चाकाचं भोकही तसंच वाटीसारखं. नव्या चाकाची भोकं शंकूच्या आकाराची आहेत, साठ अंशांची. गोल बूड शंकूत घातलं की ते पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाही, एका बारीक वर्तुळावर टेकतं. पाना फिरवताना घट्ट वाटतं. मग थोड्या किलोमीटरांत ती बारीक रेषा अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतते आणि ताण जातो. मी निळा खडू लावून करून पाहिलं : जुन्या बोल्टवर खडूची खूण दोऱ्याएवढी रेष, शंकूच्या बोल्टवर पूर्ण पट्टा. बाबांना ते दाखवलं. ते बराच वेळ तो बोल्ट हातात धरून बसले.

जुने वीस बोल्ट डब्यात घालून वर "फक्त मूळ चाकांसाठी" असं लिहिलं. स्टेपनीलाही तेच लागणार, म्हणून पाच बोल्ट डिकीत ठेवायला हवेत. हे विसरलं तर रात्रीच्या वेळी रस्त्यात कळेल.

नव्या बोल्टची लांबीही मोजली. हाताने फिरवून मोजले तर साडेनऊ फेरे बसतात, म्हणजे चौदा मिमीच्या आसपास आटे धरले जातात, बोल्टच्या जाडीइतके. हे पुरेसं आहे. फार लांब बोल्टही वाईट, हबच्या मागे बाहेर येऊन काहीतरी खरवडू शकतो. चारही हब हाताने पूर्ण फिरवून पाहिले, कुठे आवाज नाही.

रविवार, २७ एप्रिल

हब साफ करण्यात पूर्ण सकाळ गेली. वायर ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. गंजाची एक खपली जरी चाकाच्या पाठीमागे राहिली तर चाक तेवढं तिरपं बसतं. ओठावर आणि टेकणाऱ्या पृष्ठभागावर सिरॅमिक पेस्टचा बोटानं पुसून टाकल्याइतका पातळ थर. तांब्याचं ग्रीस घेतलं नाही. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम हे जोडपं मिठाच्या पाण्यात पोलादापेक्षाही वाईट. आणि बोल्टच्या आट्यांना काहीही लावलं नाही. आटे निसरडे झाले की टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) तोच आकडा दाखवतो, पण बोल्ट आतून कितीतरी जास्त ताणला जातो.

टायर न चढवता नुसती रिम लावून पाहिली. पुढे कॅलिपर आणि आऱ्याच्या मध्ये मातीचा गोळा ठेवून रिम फिरवली, गोळा ६ मिमीवर चेपला. छान.

मागे अडलं. सेंटर कॅप बसेना. दाबली की बसते, हात काढला की बाहेर. मागच्या हबवर बेअरिंग झाकणारी पत्र्याची घुमटी असते, ती हबच्या पृष्ठभागापासून ३१ मिमी बाहेर येते. कॅपचे प्लॅस्टिकचे कान आणि त्यांतली तारेची रिंग आत २८ मिमीवर पोचतात. तीन मिमीची भांडणं.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, मागच्या दोन कॅप काढून टाका, कोण बघतंय. कॅप शोभेची असती तर मी मानलं असतं. पण उघड्या भोकातून पाणी आणि वाळू थेट हबच्या ओठावर, त्या कड्यावर, पुढे अ‍ॅक्सलच्या मोठ्या बोल्टवर जाते. आरे-वारेच्या रस्त्यावर वाऱ्याच्या दिवशी वाळू टायरांखाली सळसळत असते. ज्या जागेनं चाक खाल्लं ती जागा उघडी ठेवून मी नवीन चाक लावणार नाही.

बाबा कॅपला टोपण म्हणतात. "टोपण आपण करू," ते म्हणाले, "मिरकरवाड्यात चल."

शनिवार, ३ मे

मिरकरवाडा बंदराजवळ चाचांचा लेथ आहे. ट्रॉलरचे प्रोपेलर शाफ्ट, बुश, पंपांचे भाग, हेच त्यांचं काम. बाबांची आणि त्यांची ओळख जुनी. मी चाक आणि मोडकी कॅप समोर ठेवली. चाचांनी चाकाच्या तोंडाच्या भोकात बोट फिरवलं आणि हसले. आत कान अडकण्यासाठी एक गोल खाच कोरलेली आहे, ती मी आठवडाभर पाहत होते आणि मला दिसली नव्हती. "कान कशाला? ओ रिंग टाक. टक्कन बसेल."

म्हणजे नव्या टोपणाला आतले पाय लागणारच नाहीत. तोंडाचं भोक ५७.५ मिमी. टोपणाची आत जाणारी कड ५७.२ ची, आठच मिमी खोल. तिच्यावर अडीच मिमी खोल खाच, खाचेत तीन मिमी जाडीची रबरी ओ रिंग. रिंग बाहेरून ५८.२ ची होते, दाबून आत गेली की चाकाच्या खाचेत फुलते. घुमटीपर्यंत काही पोचतच नाही.

साहित्य? त्यांच्याकडे पांढऱ्या नायलॉनचा रॉड पडलेला होता. एक टोपण लगेच काढून दिलं. हातात घेतल्यावर इतकं नेटकं वाटलं की मी बाकीची तीन मागणारच होते. चाचा म्हणाले, थांब. ट्रॉलरच्या शाफ्टला नायलॉनचा बुश घालताना ते मुद्दाम सैल ठेवतात, कारण नायलॉन पाणी पितो आणि फुगतो; कोरड्यात बरोबर बसवलेला बुश समुद्रात शाफ्ट धरून ठेवतो. "हे घरी ने, आठ दिवस बादलीत ठेव. मग ये."

आधी व्हर्नियरनं मोजलं : ५७.२०. रात्री बादलीत टाकलं.

रविवार, ११ मे

बादलीतून काढून, पुसून मोजलं : ५७.४५. पाव मिमी. चाकाच्या भोकात घातलं तर गेलं, पण ओ रिंगसकट काढायला स्क्रू ड्रायव्हर लागला. चार महिन्यांच्या पावसात ते रिमला धरून बसलं असतं, आणि काढताना रंग खरवडला असता.

चाचांनी काळ्या डेल्रिनचा रॉड मागवून ठेवलाच होता. हे प्लॅस्टिक पाणी जवळजवळ पीत नाही, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, आणि काळ्या रंगामुळे उन्हालाही टिकतं. चार टोपणं काढायला सव्वा तास लागला. बाहेरची बाजू किंचित फुगीर, वर काही नाही. ना कंपनीचं चिन्ह, ना स्टिकर. रेझिनचे फुगीर स्टिकर इथल्या उन्हात वर्षभरात पिवळे पडतात हे मी मोटरसायकलींवर पाहिलं आहे, आणि दुसऱ्याचं चिन्ह या चाकांवर लावणं मला पटतही नाही.

चाचांनी मजुरी घेतली, रॉडचे पैसे घेतले, आणि आईनं दिलेली एक डझनाची पेटीही घेतली.

शनिवार, १७ मे

टायर चढवले, बॅलन्सिंग केलं. खिळ्यासारखी ठोकायची वजनं नको म्हणून आधीच सांगितलं. ती रिमच्या कडेचा रंग फोडतात आणि तिथून मीठ शिरतं. आतल्या बाजूनं चिकटवायची वजनं लावली, चिकटवण्याआधी जागा स्पिरिटनं पुसून घेतली. टायरवाल्या मुलानं हवेची गन उचलली तेव्हा मी त्याला थांबवून माझा टॉर्क पाना काढला. त्यानं मनावर घेतलं नाही, उलट उभा राहून पाहिलं.

प्रत्येक चाक हवेत असताना पाचही बोल्ट हाताने पूर्ण फिरवून घेतले, मग ताऱ्याच्या क्रमानं थोडे-थोडे आवळले, मग गाडी खाली उतरवून १२० न्यूटन मीटर. बाबा त्याला बारा किलो म्हणतात. त्यांच्या काळात काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, चाक फिरताना नट सुटू नये म्हणून. नवीन माणूस जोर लावून उलटेच आवळायचा. हे त्यांनी टायरवाल्या मुलाला सविस्तर सांगितलं आणि मुलानं दोन प्रश्न विचारले.

शेवटी टोपणं. टक्, टक्, टक्, टक्.

रविवार, १८ मे

भाट्याचा पूल, पावस, गणेशगुळे, परत. नंतर हातखंब्यापर्यंत महामार्ग. ऐंशीपर्यंत गाडी शांत. जुन्या चाकांवर जिथे दात वाजायचे तिथे आता नुसता "धप्" असा आवाज येतो. वळणात घुसताना पहिल्या क्षणी गाडी पूर्वीपेक्षा किंचित सावकाश उत्तर देते, टायरची भिंत उंच झाली त्याचा हा परिणाम. दुसऱ्या वळणापर्यंत हाताला सवय झाली.

नव्वदला मात्र स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर.

घरी येऊन डावं पुढचं चाक काढलं. कडं ठीक, बॅलन्स ठीक. हबवर डिस्क धरणारा जो छोटा स्क्रू असतो, त्याच्या डोक्यावर गंजाचा फोड राहिला होता, चाकाच्या पाठीवर त्याचा ठसा उमटलेला. २७ तारखेला मी ओठ घासला आणि हा स्क्रू घासला नाही. कानसीनं सपाट केला, परत लावलं, परत हातखंबा. शंभरलाही शांत.

सगळे बोल्ट परत तपासले. वीसपैकी सात थोडे फिरले, एक तर घड्याळातल्या पाच मिनिटांइतका. नव्या चाकाच्या भोकांत रंगाचा जाड थर असतो, तो चेपला जातो आणि ताण उतरतो. म्हणून पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतरची ही तपासणी सोडायची नाही.

रविवार, २५ मे

काल अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा वाढत वाढत रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आला. दोन दिवस पाऊस उभा-आडवा. शेवटच्या हापूसचं नुकसान झालं, त्याबद्दल आई आज बोललीच नाही. आणि आज मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, मे महिन्यातच. गाडी दोन दिवस खळ्यात भिजत उभी. मला हवी होती ती परीक्षा आपोआप झाली.

उजवं मागचं टोपण काढलं. आत कोरडं. कड्याभोवती पेस्ट जशीच्या तशी.

रविवार, ८ जून

काल कोल्हापूरला जाऊन आले. परत येताना आंबा घाटात पुढे ट्रकांची रांग होती, खूप ब्रेक लागले, आणि साखरप्याला थांबले तर पुढचं डावं टोपण नाही. ओ रिंग खाचेत होती, टोपण गेलं.

रात्रभर विचार केला. ओ रिंग सैल असती तर सगळीच टोपणं गेली असती. आज सकाळी चाचांकडे गेले. १ जूनपासून मासेमारी दोन महिने बंद, त्यामुळे सगळे ट्रॉलर किनाऱ्यावर आणि चाचांकडे कामाचा ढीग. तरी त्यांनी पाच मिनिटं दिली आणि तेवढी पुरली. मी टोपण इतकं घट्ट केलं की आतली हवा कोंडली. घाटात ब्रेक तापले, हब तापला, आतली हवा फुगली आणि तिनं टोपण ढकललं. उलटंही होतं : तापलेला हब पाण्याच्या डबक्यातून गेला तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. "श्वास घ्यायला जागा ठेव," ते म्हणाले.

नवीन टोपण काढलं, आणि चारही टोपणांच्या कडेवर, ओ रिंग बसते त्या खाचेच्या तळातून आरपार, एक मिमीची आडवी खाच कानसीनं पाडली. त्यातून हवा जाते. पाण्याचा थेंब आत यायला त्याला रबराच्या खालून वळसा घ्यावा लागतो. अगदीच येणार नाही असं नाही, पण आलेलं बाहेरही जाईल.

रविवार, २९ जून

आंबा घाट आणखी दोनदा, मुद्दाम, भर पावसात. चारही टोपणं जागेवर. खाली उतरून हात लावला तर हबच्या जवळचं अ‍ॅल्युमिनियम चटका बसेल इतकं तापलेलं, प्लॅस्टिकचं कडं नंतर काढून मोजलं, ५७.१ च्या ५७.१.

महिनाभरात एकही खड्डा रिमपर्यंत पोचलेला नाही. चाकोऱ्यांत स्टिअरिंग थोडं ओढतं, निवळीच्या उतारावर जास्त. अलाइनमेंट पाऊस उघडल्यावर करेन, आत्ता रस्त्यांवर रोज नवा खड्डा आहे.

आज डावं मागचं चाक काढलं, तेच जे एप्रिलमध्ये लाथेनंही हललं नव्हतं. पाचवा बोल्ट सोडला आणि चाक हातात आलं. ओठावर गंजाची एक फिकट रेषा आहे, बोटानं पुसली गेली. पेस्ट परत लावली, १२० वर आवळलं, बाबांनी त्यांच्या वहीत किलोमीटर लिहून घेतले. पुढची तपासणी गणपतीच्या आधी.